अकरा दरोडेखोर आणि भरलेला हौद

टेबलावर एक आलेखाचा कागद होता, सात फासे, शर्टाची तीन बटणं, तुरीचे अकरा दाणे, दोन पेन्सिली आणि एक खोडरबर. बटणं म्हणजे आमचे तीन नायक आणि तुरीचे दाणे म्हणजे दरोडेखोर. कागदावर मी एक मोठा चौकोन काढून त्याला ‘मैदान’ असं नाव दिलं होतं. मैदानात दुसरं काहीच नव्हतं.

जानेवारीतला पहिला रविवार होता. लढाई एक तास पन्नास मिनिटं चालली. प्रत्येक पाळीची नोंद मी वहीत ठेवते, म्हणून आकडे माझ्याकडे आहेत. तिघांच्या मिळून अठ्ठेचाळीस पाळ्या झाल्या. त्यांतल्या चव्वेचाळीस वेळा कुणीतरी ‘मारतो’ किंवा ‘मारते’ म्हणालं आणि फासा टाकला. दोनदा औषध पिऊन झालं, एकदा राखी मागे सरकली, आणि एकदा चिन्मय फोनवर बोलत असल्यामुळे त्याची पाळी गेली.

हा खेळ मी पुण्यात एम.एस्सी. करताना वसतिगृहात शिकले. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. समोर दरी आली तर ती ओलांडायची की वळसा घालायचा हे खेळाडू ठरवतात, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मेहकरला परत आल्यावर मी एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर भौतिकशास्त्र शिकवू लागले, आणि जुलैपासून वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी हा खेळ सुरू केला. गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे. सुरुवातीला सातजण यायचे. दिवाळीनंतर तीन उरले.

गोकुळ सत्तावीस वर्षांचा. मेहकरपासून नऊ किलोमीटरवर त्याचं शेत आहे. बी.ए. झाल्यापासून तोच ते बघतो. खेळात तो ढाल घेतलेला पहारेकरी होता. राखी माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती एका कृषी केंद्राच्या काउंटरवर बसते, आणि खेळात ती तिरंदाज. चिन्मय आमच्यात सर्वांत लहान, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पूजा सांगतात, आणि खेळात त्याने हट्टाने चोर व्हायचं ठरवलं होतं.

वाचनालय भालचंद्र सर सांभाळतात. ते निवृत्त विज्ञानशिक्षक. मागची खोली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांनाही हवी होती, आणि त्यांची मागणी चुकीची नव्हती. सरांनी मला डिसेंबरातच सांगून ठेवलं होतं की जानेवारीच्या शेवटच्या रविवारी ते हजेरीची वही बघतील. दर रविवारी किमान चार सह्या असतील तर खोली आमची. कमी भरल्या तर अभ्यासिकेची. मी, गोकुळ, राखी आणि चिन्मय मिळून बरोबर चार होतो.

त्या पहिल्या रविवारी फासे डब्यात भरताना गोकुळ म्हणाला, की पुढच्या वेळेपासून तो येणार नाही. राग नव्हता त्याच्या बोलण्यात. मी कारण विचारलं.

“मॅडम, मी हप्ताभर शेतात एकच काम करतो. निंदन तं निंदन, फवारनी तं फवारनी,” तो म्हणाला. निंदन म्हणजे पिकातलं तण काढणं. मी त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे, पण कॉलेजात शिकवते म्हणून तो मला चिडवायला मॅडम म्हणतो. “इथं आलो का फासा टाक, मार. फासा टाक, मार. हेही निंदनच झालं.”

चिन्मय हसला. राखी हसली नाही, त्यावरून तिलाही तसंच वाटत होतं हे मला कळलं. मी गोकुळकडे महिनाभराचा वेळ मागितला. त्याने मान हलवली, पण ती मान होकाराची होती की सुटकेची हे सांगता आलं नाही.

आठवडाभर मी त्या चव्वेचाळीस पाळ्यांचा विचार केला. दोष खेळाडूंचा नव्हता. रिकाम्या चौकोनात मारण्याशिवाय दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. प्रयोगशाळेत मुलांपुढे नुसतं टेबल ठेवलं तर ती टेबलच बडवतील. तेव्हा लढाईच्या जागेत अशा वस्तू हव्यात ज्या ढकलता येतील, पाडता येतील, पेटवता येतील, आणि ज्यांमुळे लढाईचं पारडं फिरेल. मी कागदावर एक गाव काढलं. मधोमध धान्य मळायचं खळं, सपाट आणि मोकळं, पळापळीसाठी. खळ्याच्या बाजूला सोयाबीनची सुडी, म्हणजे कापून आणलेल्या, मळणी व्हायच्या सोयाबीनचा मोठा ढीग. सुडी वाळलेली असते. वारा कोणत्या दिशेने वाहतो तेही मी बाण काढून दाखवलं, आणि पहारेकऱ्याच्या हातात एक पेटती मशाल दिली. दरोडेखोर बरोबर सुडीमागून येणार होते. यापेक्षा उघड सूचना मला सुचली नसती. माझ्या हिशेबाने तिसऱ्या फेरीत सुडी पेटणार होती आणि अकरापैकी सहा दाणे टेबलावरून उचलले जाणार होते.

दुसऱ्या रविवारी खेळ सुरू झाला आणि पहिल्याच पाळीत गोकुळ अडखळला. त्याचा पहारेकरी खळ्याच्या कडेला उभा होता. तो म्हणाला की आधी चपला काढतो. मी विचारलं कशाला. त्याने माझ्याकडे असं बघितलं जणू मी हात न धुता जेवायला बसले होते. राखीने समजावलं की खळ्यात चपला घालून जात नाहीत. तिच्या तिरंदाजाने पण काढल्या. चोरानेही काढल्या. चपला काढायला किती वेळ लागतो याचा नियम माझ्याकडे नव्हता, म्हणून मी प्रत्येकाची एक पाळी धरली. तेवढ्यात दरोडेखोर बूट घालून खळ्यात शिरले. तिघेही त्यांच्यावर मनापासून चिडले, इतके ते डिसेंबरात एकदाही चिडले नव्हते.

पण सुडीला कोणी हात लावेना. तिसरी फेरी गेली, चौथी गेली. दरोडेखोर सुडीला टेकून उभे होते आणि गोकुळ मशाल डाव्या हातात धरून उजव्या हाताने ढाल सांभाळत होता. मी तीनदा म्हणाले की वारा दरोडेखोरांच्या बाजूला वाहतोय. तीनदा म्हणाले की सोयाबीन कडकडीत वाळलेलं आहे. शेवटी चिन्मयने चोरट्या आवाजात विचारलं, “ताई, ते पेटवायचं हाय का?”

“पेटवता येईल,” मी म्हणाले.

“सुडी?” गोकुळ म्हणाला. “कोनाची हाय ते?”

कोणाची ते मी ठरवलंच नव्हतं. माझ्या दृष्टीने ते इंधन होतं. मी म्हणाले, गावातल्या कुणाची तरी.

“मंग कशी पेटवू?”

त्या लढाईत ते हरले. दरोडेखोरांनी धान्याची पोती उचलून नेली आणि सुडी होती तिथे उभी राहिली. मी फासे गोळा करायला लागले. वाटलं की आता गोकुळ उठेल आणि वही बंद होईल. तो उठला नाही. कागदावरच्या सुडीवर बोट ठेवून बसला होता. मग त्याने सांगितलं की मागच्या वर्षी त्याच्या गावात पुंजाजी नावाच्या शेतकऱ्याची सुडी कुणीतरी भर दुपारी पेटवली. चार एकराचं सोयाबीन अर्ध्या तासात गेलं. कोणी केलं ते कळलं नाही, पण तेव्हापासून पुंजाजी कुणाच्याही ओट्यावर बसत नाही आणि कुणाला आपल्या ओट्यावर बसवत नाही.

“खेळात मले तलवारीनं मारा म्हना, मारतो,” तो म्हणाला. “सुडीले काडी नाई लावत मी. तुमी शहरातल्या हा, तुमाले ते कचरा दिसते.”

मेहकर काही शहर नाही. पण माझे वडील तहसील कचेरीत लिपिक होते आणि मी खळ्यात कधी उभी राहिलेली नाही, हे खरं होतं. मी चुकले असं म्हणाले. मग त्याला पेन्सिल दिली आणि विचारलं की त्याच्या शेतात अशा कोणत्या गोष्टी आहेत ज्या माणूस खरोखर हलवतो.

त्याने आधी नाही म्हटलं, मग कागद आपल्याकडे ओढला. विहीर काढली. विहिरीजवळ हौद, त्याच्या आजोबांनी बांधलेला, आता वापरात नसलेला. हौदाच्या तळाशी भोक आणि भोकात फडक्याचा बोळा. बोळा ओढला की पाणी दांडात येतं. दांड म्हणजे पाणी नेणारी चारी. दांडाला जागोजागी नाकी, म्हणजे मातीने बुजवलेली तोंडं. फावड्याने नाकं फोडलं की पाणी त्या वाफ्यात वळतं. एका बाजूला धुरा, म्हणजे शेताचा बांध, आणि धुऱ्यावर बोरीची काटेरी झाडं. राखीने मध्येच सांगितलं की बोरीचे काटे सुकवून कुंपणाला ओढत नेतात, तेही घे. चिन्मयने विचारलं की तलवारीवाल्या दरोडेखोरांच्या काळात मोटार पंप होता का. गोकुळ त्याला म्हणाला, “म्हनून तं हौद काढला बे.”

कागद भरला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. सुडी गोकुळने पुसली नाही. ती हौदापासून दहा चौकोनांवर ठेवली आणि म्हणाला, की पेटवायचीच असेल तर दरोडेखोरांनी पेटवावी. मग बघू.

जाताना राखी जिन्यात माझ्याजवळ थांबली. हरलेल्या लढाईबद्दल ती आज घरी आईला सांगणार होती. जिंकलेल्यांबद्दल तिने कधी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मी फक्त नियम घेऊन आले. हौदाचा बोळा पाण्याने फुगलेला असतो, तेव्हा तो ओढायला बारा किंवा जास्त पडले पाहिजेत. नाकं फोडायला हातात फावडं हवं आणि एक पाळी द्यावी लागेल. पाणी एका फेरीत तीन चौकोन पुढे जाईल. ओल्या चौकोनात माणूस निम्म्याच चालीने चालेल. काटे ओढणाऱ्याला दुसरं काही करता येणार नाही. आणि सुडी पेटली की वीस फेऱ्यांत जळून जाईल.

दुसऱ्या फेरीत दरोडेखोरांनी सुडी पेटवली. मी हे वाक्य साध्या आवाजात म्हणाले, पण टेबलाभोवती तिघेही खुर्चीतून पुढे झुकले. गोकुळने आपला पहारेकरी लढाईतून काढला आणि थेट हौदाकडे पळवला. पाठीवर दोन वार खाल्ले. चिन्मयने विचारलं की चोर कुणाचं फावडं चोरू शकतो का. फावडं धुऱ्यावरच पडलेलं आहे, चोरायची गरज नाही, असं मी म्हणाले तेव्हा तो जरा नाराज झाला. राखीचे बाण संपले होते. तिने काट्याचं शिरं, म्हणजे तोडलेली काटेरी फांदी, ओढलं आणि खळ्याच्या वाटेवर आडवं टाकलं.

बोळा पहिल्या वेळी निघाला नाही. सात पडले. दुसऱ्या वेळी अकरा. गोकुळने फासा तळहातावर ठेवून त्याच्यावर फुंकर मारली. तिसऱ्या वेळी सोळा पडले, आणि मी निळ्या पेन्सिलीने दांडात पाणी भरायला लागले. चिन्मयने सुडीकडचं नाकं फोडलं. पाणी आधी वाफ्यात पसरलं, जिथे आठ दरोडेखोर उभे होते, आणि मग सुडीच्या बुडाशी पोचलं. सुडीचा दोन तृतीयांश भाग वाचला. दरोडेखोर ओल्या चौकोनांत निम्म्या चालीने सरकत राहिले आणि एकेक करून काट्यांशी अडकले.

एकोणचाळीस पाळ्या झाल्या. ‘मारतो’ किंवा ‘मारते’ चौदा वेळा आलं. वेळ दोन तास पाच मिनिटं, पण चिन्मयला वाटलं पाऊण तास झाला असेल. बाहेरच्या खोलीतून अभ्यास करणारी दोन मुलं येऊन दारात उभी राहिली होती. त्यांतल्या एकाने हौदात पाणी किती होतं ते विचारलं. हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी वहीत लिहून घेतला.

गोकुळ मात्र कागदावर वाकून ओले चौकोन बघत होता. मी त्याचं अभिनंदन केलं, तर त्याने त्यांवर बोट आपटलं.

“हे खोटं हाय, मॅडम.”

“काय खोटं?”

“निम्मी चाल. कोनं सांगतली तुमाले निम्मी?”

मी खरं ते सांगितलं. निम्मी हा आकडा सोयीचा होता, म्हणून घेतला.

“काळ्या मातीत निम्मं-बिम्मं नसते,” तो म्हणाला. “पानी सोडल्याबरोबर पाय घसरते. थोडं मुरलं का मंग चिटकते. अन्‌ अनवानी मानूस निघून जाते, बूटवाला तिथंच राह्यते. तुमी दोघांले सारखंच धरलं. आमी जिंकलो ते ठीक हाय, पन खोटं जिंकलो.”

राखीने त्याची बाजू घेतली. चिन्मयने माझी घेतली, पण मुख्यतः वाद चालू राहावा म्हणून. बूट घातल्याने एवढा फरक पडत नाही, त्याचे नवे बूट चांगल्या पकडीचे आहेत, असं त्याचं म्हणणं. गोकुळने त्याच्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला, “ये मंग तेच घालून.”

नंतर तो माझ्याकडे वळला. पुढच्या रविवारी तो खोलीवर येणार नव्हता. त्या आठवड्यात त्याच्या फीडरला लाइन, म्हणजे शेताची वीज, दिवसा होती आणि कांद्याला पाणी द्यायचं होतं, ते सोडून येता येत नव्हतं. “तुमीच या वावरात. मोजून दाखवतो. आकडा बरोबर लिवला, तं त्याच्या पुढच्या रविवारपासून मी हाय.”

पुढचा रविवार शेवटचा होता. वहीत त्या दिवशी चार सह्या लागत होत्या, आणि गोकुळ नऊ किलोमीटरवर मोटारीपाशी असणार होता.

मी शनिवारी भालचंद्र सरांना भेटले आणि होतं तसं सांगितलं. चौथी सही होणार नाही, कारण चौथा माणूस शेतात आहे, आणि बाकीचे तिघे पण तिथेच जाणार आहोत. सर वर्तमानपत्राच्या फायली लावत होते. हातातली फाइल त्यांनी जागेवर लावली. मग त्यांनी विचारलं की माती बुटाला चिकटते हे कसं मोजणार. मी म्हणाले, घड्याळाने.

“ते वेळेचं झालं. मातीचं?”



ते कपाटाकडे गेले आणि पितळी हुकाचा ताणकाटा काढून आणला. आधी रिकामा बूट तोला, मग मातीसकट, असं त्यांनी बजावलं. कोरड्या जमिनीवरचं माप आधी घ्या, चालणारा माणूस बदलू नका, प्रत्येक माप तीनदा घ्या आणि सरासरी काढा. हे सगळं मी स्वतः मुलांना शिकवते, पण ऐकून घेतलं. मग त्यांनी हजेरीची वही उघडून माझ्या हातात दिली.

“ही घेऊन जा. तिथंच सह्या करा, पण चौघांच्या. आणि ताणकाटा पुढच्या रविवारी मागच्या खोलीत आणून ठेव. अभ्यासिकेच्या मुलांना मी वरचा हॉल उघडून देतोय.”

रविवारी सकाळी आम्ही तिघे बसने गेलो आणि फाट्यापासून चालत शेतात पोचलो. गोकुळची मोटार सुरू होती. शेताच्या कडेला तीन वाफे रिकामे होते, रोप कमी पडल्यामुळे कांदा लावायचा राहिला होता. तिथे तुडवलं तरी चालणार होतं. राखीने टेपने वीस मीटर मोजले आणि दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या. गोकुळने आधी वहीत सही केली, फावड्यावर वही ठेवून, आणि मग नाकं फोडलं. पाणी मुरायला आम्ही पाऊण तास थांबलो. तेवढ्या वेळात त्याने आम्हाला हौद दाखवला. मी त्याची लांबी, रुंदी आणि खोली घेतली, दारातल्या मुलाच्या प्रश्नासाठी.

तिन्ही प्रकारांत चिन्मयच चालला, कारण माणूस बदलायचा नव्हता. ओल्या वाफ्यात बूट घालून दुसऱ्यांदा जाताना तो मध्येच थांबला आणि ओरडून विचारलं की दरोडेखोरांना शरण जायची सोय आहे का. गोकुळ म्हणाला, चाल बे, अजून एक खेप बाकी हाय. राखीने घड्याळ धरलं, मी नियमांच्या पानावरचं ‘निम्मी चाल’ खोडून त्याखाली लिहिलं.

प्रत्येकी तीन मापांची सरासरी, अंतर वीस मीटर. कोरडी जमीन, बूट घालून: तेरा सेकंद. ओला वाफा, अनवाणी: एकवीस सेकंद. ओला वाफा, बूट घालून: चव्वेचाळीस सेकंद. डाव्या बुटाला चिकटलेली माती: नऊशे चाळीस ग्रॅम.